'अक्षर सुधारा' हा शेरा मी लिहिला होता

एका मुलाच्या मराठीच्या वहीत मी दोन वर्षं एकच शेरा लिहीत होते. 'अक्षर सुधारा.' लाल शाईने, कधीकधी खाली दोन रेघा ओढून. मुलगा हुशार. वर्गात प्रश्न विचारला की पहिलं उत्तर त्याचं. वहीत मात्र सातवीत पानभर, आठवीत अर्धं पान आणि नववीत जेमतेम चार ओळी, त्याही खाली उतरत गेलेल्या. त्याला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायू हळूहळू क्षीण होत जाण्याचा आजार, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचे वडील कंटेनरच्या ट्रेलरवर ड्रायव्हर आहेत. ड्युटी नसेल त्या दिवशी ते त्याला उचलून बाकावर आणून बसवत. पण माझ्या डोक्यात तो आजार पायांचा होता. हाताचा आणि आजाराचा संबंध मी जोडलाच नव्हता.

पालकसभा संपल्यावर एकदा त्याच्या अम्मीने मला बाजूला घेतलं. वही उघडून माझा शेरा दाखवला आणि हळू आवाजात म्हणाली, "टीचर, आता घासही मीच भरवते."

माझं बी.एड. झालं आहे. समावेशक शिक्षणाच्या व्याख्या मी परीक्षेत लिहिल्या, त्याचे गुणही मिळवले. त्या दिवशी मला त्यातलं काही आठवलं नाही. मला फक्त लाल शाई दिसत होती.

हा लेख त्या शेऱ्याची भरपाई म्हणून लिहिते आहे असं समजा. सांगायचं आहे ते एवढंच: ज्याचा हात चालत नाही पण जीभ चालते, त्याला स्वतःचं लेखन स्वतः करता येईल असं साधन आज आपल्या खिशात आहे. मराठीत आहे आणि उर्दूतही आहे. तरी शाळा, परीक्षा आणि आपण सगळे असं वागतो आहोत, जणू ते नाहीच.

आपल्याकडे अशा मुलासाठी एकच उपाय माहीत असतो: लेखनिक. दुसरा कोणी लिहील, हा बोलेल. ही प्रथा काही कमीपणाची नाही. ज्ञानेश्वरी ज्ञानेश्वरांनी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, म्हणजे आपल्या मराठीचा सर्वात मोठा ग्रंथच सांगून लिहवलेला आहे. इजिप्तचे ताहा हुसेन लहानपणीच अंध झाले. त्यांनी आपली पुस्तकं तोंडी सांगून लिहवली, आणि १९५० मध्ये ते त्या देशाचे शिक्षणमंत्री झाले. पण या दोघांना लिहून घेणारी माणसं मनापासूनची मिळाली होती. शाळेतल्या मुलाला कोण मिळतं?

माझ्या विद्यार्थ्याला मिळाला त्याच्याच गल्लीतला, एक इयत्ता खालचा मुलगा. नियमाप्रमाणे लेखनिक खालच्याच वर्गाचा हवा, कारण त्याने स्वतःच्या ज्ञानाने उत्तर लिहू नये. ते बरोबरच आहे. पण आमची शाळा उर्दू माध्यमाची. खालच्या वर्गातल्या मुलाला मराठीची जोडाक्षरं जमत नाहीत. मग हा एकेक शब्द फोडून सांगणार, 'क ला ष जोड', आणि तो ऐकून गोंधळणार. जादा वेळ मिळतो खरा, तासाला वीस मिनिटं, पण तो या फोडाफोडीतच जातो.

त्याहून मोठी गोष्ट मला नंतर कळली. सहामाहीत निबंध होता 'माझी आई'. त्याने पाठ्यपुस्तकी आठ वाक्यं सांगितली आणि थांबला. मी नंतर विचारलं, एवढंच? तो म्हणाला, "टीचर, अम्मी मला काय काय करते ते मी त्याच्यासमोर कसं सांगू? तो गल्लीत सांगेल." चौदा वर्षांच्या मुलाला आंघोळ घालणारी आई हा त्याचा निबंध होता. तो त्याला एखाद्या कागदाला सांगता आला असता. शेजारच्या मुलाला सांगता येणार नव्हता.

लिहिण्यात एकांत असतो, हे मला वीस वर्षं भाषा शिकवून तेव्हा समजलं. आपण लिहितो, खोडतो, लाजतो, पुन्हा लिहितो, आणि कुणी पाहिलेलं नसतं. लेखनिक कितीही भला असला तरी तो एकांत उरत नाही. दिव्यांगांच्या लेखनाबद्दल आपण बोलतो तेव्हा सोयीबद्दल बोलतो. या एकांताबद्दल बोलत नाही.

आता यंत्राबद्दल. माणसाचं बोलणं यंत्राला कळावं ही खटपट जुनी आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने १९५२ मध्ये 'ऑड्री' नावाचं यंत्र केलं होतं. त्याला शून्य ते नऊ एवढे आकडे तेवढे ओळखता येत. १९९० मध्ये 'ड्रॅगन डिक्टेट' बाजारात आलं, किंमत नऊ हजार डॉलर, आणि प्रत्येक शब्दानंतर थांबावं लागे. सलग बोललेलं घेणारी त्याची पुढची आवृत्ती १९९७ ची. हे सगळं इंग्रजीवाल्यांसाठी. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकने हिंदीसाठी 'श्रुतलेखन-राजभाषा' तयार केलं, पण ते घरोघरी पोहोचलं नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने आवाजी टंकलेखनात तीस नव्या भाषा घातल्या, त्यात भारतातल्या आठ होत्या. त्या आठांत मराठी होती आणि उर्दूही. माझ्या दोन्ही भाषा एकाच दिवशी यंत्राला ऐकू येऊ लागल्या आणि मला, भाषेच्या शिक्षिकेला, त्याचा पत्ता काही वर्षं नव्हता.

हे चालतं कसं, ते थोडक्यात सांगते, कारण त्यातूनच त्याच्या चुका कळतात. यंत्र आवाजाचे बारीक तुकडे करतं, सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढ्या अंतराने. प्रत्येक तुकडा कोणत्या ध्वनीचा असावा याचा अंदाज बांधतं. मग आतापर्यंत वाचलेल्या लाखो वाक्यांवरून ठरवतं की या ध्वनींचा सगळ्यात संभवनीय शब्द कोणता. म्हणजे अर्धं ते ऐकतं आणि अर्धं ताडतं. उर्दूच्या शिक्षकांना यातली गंमत लगेच कळेल. आपल्याकडे 'ज़' चा एकच उच्चार आणि अक्षरं चार: ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ोय. इमल्यात मुलं तिथेच गुण घालवतात. यंत्र मात्र शब्दावरून बहुतेक वेळा बरोबर अक्षर घालतं. मराठीत 'दिन' आणि 'दीन' यांतलं कोणतं, हे ते आजूबाजूच्या शब्दांवरून ठरवतं.

मी माझा जुना फोन त्या मुलाला दिला. कीबोर्डवरच्या माइकच्या खुणेवर बोट ठेवण्याएवढी ताकद त्याच्या अंगठ्यात अजून होती. पहिल्या दिवशी त्याने फक्त आपलं नाव बोलून पाहिलं, चार वेळा. आठवडाभरात त्याने मला एक मजकूर पाठवला. विरामचिन्हं नाहीत, काही शब्द भलतेच. पण तो दीड पानाचा होता. विषय होता 'माझी आई'. त्यात काय होतं ते मी इथे सांगणार नाही, ते त्याचं आहे. त्याच्या लिखाणावर मी पहिल्यांदाच शेरा मारला नाही.

आता इथे थांबले तर हा लेख जाहिरात होईल. यंत्र अडखळतं, आणि ते आपल्यापाशी जास्त अडखळतं.

एक, आपली बोली. या भागात आगरी-कोळी घरांत 'गाडी' ची 'गारी' होते, 'डोळा' चा 'डोला' होतो, 'मला' चं 'मना' होतं. कोकणी मुसलमानांच्या घरात आपण जी बोलतो ती ना पुस्तकी मराठी, ना उर्दू. यंत्राने शिकली आहे ती मुख्यतः प्रमाण भाषा. आमच्या मुलाने वडिलांच्या 'गारी' बद्दल सांगितलं तर यंत्राने 'गाणी' लिहिलं. हे फक्त आपल्याच वाट्याला आलेलं नाही. अमेरिकेत २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पाच मोठ्या कंपन्यांची यंत्रणा तपासली. गोऱ्या लोकांच्या बोलण्यात शंभरातले सरासरी १९ शब्द चुकत होते, काळ्या लोकांच्या बोलण्यात ३५. ज्यांचा आवाज यंत्राला कमी ऐकवला, त्यांचं त्याला कमी कळतं. एवढं साधं ते आहे.

दोन, गोंगाट. न्हावा शेव्याचं बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. तेव्हापासून इथल्या रस्त्यांना शांतता ठाऊक नाही. ट्रेलरचा हॉर्न वाजला की वाक्य मध्येच तुटतं. साधा वायरचा माइकवाला इअरफोन तोंडाजवळ धरला की बराच फरक पडतो, हे आम्हाला अनुभवाने कळलं.

तीन, दुरुस्ती. माझ्या मते खरी अडचण इथे आहे. बोलून लिहिता येतं, पण चुकलेला शब्द बोलून खोडता यायला हवा. गूगल डॉक्समध्ये 'हा शब्द निवड', 'मागे जा', 'खोड' अशा आवाजी आज्ञा आहेत, पण त्या इंग्रजीतच चालतात. मराठीत लिहिणाऱ्याला दुरुस्तीसाठी बोटच लागतं. ज्याचं बोटही चालत नाही त्याला पुन्हा कोणाला तरी हाक मारावी लागते. म्हणजे स्वावलंबन नव्वद टक्के झालं आणि उरलेल्या दहा टक्क्यांत अडकलं.

चार, ज्यांचं बोलणंच अस्पष्ट आहे ते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेकांचा हातही साथ देत नाही आणि जीभही. मुंबईच्या मालिनी छिब यांनी आपलं आत्मकथन एका बोटाने टाइप करून लिहिलं. त्यांना आवाजी यंत्र सुचवणं म्हणजे पाय नसलेल्याला जोडे देणं. स्टीफन हॉकिंग यांचं उदाहरण लोक नेहमी देतात, पण तेही बोलून लिहीत नव्हते. गालाच्या हालचालीने अक्षरं निवडत होते. अस्पष्ट बोलणं यंत्राला शिकवायचं काम आता सुरू झालं आहे. इलिनॉय विद्यापीठाने २०२२ मध्ये पाच मोठ्या कंपन्यांच्या पाठबळावर असा प्रकल्प काढला, तोही इंग्रजीपासून. मराठीत हे कधी येईल याची वाट पाहत बसण्यापेक्षा आपण ते मागायला हवं.

या चारही अडचणी ऐकून कोणी म्हणेल, मग लेखनिकच बरा. मी म्हणते, दोन्ही राहू द्या आणि निवड मुलाला करू द्या. माझा सगळा आग्रह या 'निवड' शब्दासाठी आहे.

तो आग्रह कायद्याच्या बाहेरचा नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. त्याने दिव्यांगत्वाचे प्रकार २१ केले, त्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. केंद्र सरकारच्या ऑगस्ट २०१८ च्या परीक्षाविषयक मार्गदर्शक सूचनांनी सांगितलं होतं की उमेदवाराला शक्यतो परीक्षेची पद्धत निवडू द्यावी: ब्रेल, संगणक, मोठी अक्षरं, किंवा उत्तरं ध्वनिमुद्रित करणंसुद्धा. सीबीएसईने २०१८ पासून दहावी-बारावीच्या विशेष गरजा असलेल्या मुलांना उत्तरं टाइप करायला संगणकाची परवानगी दिली. संगणक मुलाने स्वतःचा आणायचा, तो आधी पुसून कोरा केलेला असायला हवा, आणि त्याला इंटरनेट असता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकाश कुमार यांच्या खटल्यात ठरवलं की हाताला पेटके येणाऱ्या उमेदवाराला चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही. ब्रिटनच्या परीक्षा नियमांत तर लेखनिक आणि आवाज ओळखणारी यंत्रणा या दोन्ही सोयी एकत्रच मांडलेल्या आहेत. म्हणजे रस्ता आहे. आपल्या बाजूने त्यावर कोणी चालत नाही.

हरकती मला माहीत आहेत, कारण पहिल्यांदा त्या माझ्याच मनात आल्या होत्या.

पहिली: नक्कल होईल. फोनवर इंटरनेट असेल तर होईल, यात शंका नाही. आम्ही जिथे विचारणा केली तिथे याच कारणाने नकार मिळाला, आणि त्या अधिकाऱ्यांना मी दोष देत नाही. पण आता इंटरनेटशिवाय संगणकावरच चालणारी आवाजी यंत्रणा आहे. २०२२ मध्ये खुली झालेली 'व्हिस्पर' मराठी आणि उर्दू दोन्ही घेते. तिच्या मराठीत चुका बऱ्याच आहेत, पण ती बंद खोलीत, जाळ्याशी न जोडलेल्या संगणकावर चालते. कोरा संगणक, वेगळी खोली, एक पर्यवेक्षक. लेखनिकालाही वेगळी खोली आणि पर्यवेक्षक लागतोच. मग जास्तीचं काय मागितलं?

दुसरी: शुद्धलेखन यंत्रच करणार, मग आम्ही तपासायचं काय? हा प्रश्न भाषेच्या शिक्षकाचा आहे आणि खरा आहे. माझं उत्तर असं: शुद्धलेखन तपासायचंच असेल तर त्याचे पाच गुण वेगळे ठेवा, ते तोंडी विचारा. इतिहासाच्या पेपरात मात्र आपण इतिहास तपासतो की हाताचे स्नायू?

तिसरी: मुलं आळशी होतील, खुशखत संपेल. मी तख्तीवर बोरूने अक्षर घोटलेल्या शिक्षकांच्या हाताखाली शिकले. सुंदर अक्षर मला आजही भुरळ घालतं. पण चष्मा आला म्हणून कोणाचे डोळे आळशी झाले नाहीत. ज्याला हात आहे त्याने अक्षर घोटावं. ज्याला नाही त्याला त्याबद्दल शिक्षा होऊ नये.

आता आपल्या लोकांशी दोन शब्द. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. त्यांत आपल्या मोहल्ल्यातले किती? आपल्याकडे अशी मुलं घरात ठेवायची रीत अजून गेलेली नाही. 'अल्लाहची मर्जी' म्हणून आपण सोसतो, आणि सोसणं हेच पुण्य मानून प्रमाणपत्रसुद्धा काढत नाही. मदरशात, मशिदीत, लग्नात त्या मुलाला उचलून नेणारे हात दहा असतात. त्याला स्वतः काही करता यावं यासाठी विचार करणारं डोकं एक नसतं. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ऐन तारुण्यात चाकाच्या खुर्चीवर आल्या. त्यांनी १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारली आणि 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन मराठीत लिहिलं. आपल्या किती घरांत ते पुस्तक आहे? माझ्या शाळेच्या कपाटात नव्हतं. आता आहे.

आणि एक काम कोणाच्याही परवानगीशिवाय करता येतं. मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस' वर आणि केंद्र सरकारच्या 'भाषिणी' च्या 'भाषादान' उपक्रमात कोणीही वाक्यं वाचून आपला आवाज देऊ शकतो. कॉमन व्हॉइसवर मराठी आणि उर्दू दोन्ही आहेत. यंत्राला आपलं बोलणं कळत नाही अशी तक्रार करायची तर त्याला ते आधी ऐकवायला हवं. उरण-पनवेलच्या आपा, मामू, नाना-नानींचा आवाज तिथे गेला, तर वाचलेली वाक्यं पुस्तकी असली तरी उच्चार आपला जाईल. मी माझ्या नववीच्या वर्गाकडून हे करून घेते. मुलांना ते अभ्यासापेक्षा आवडतं.

शिक्षकांना माझं सांगणं साधं आहे. वर्गात ज्याची वही रिकामी आणि जीभ भरलेली आहे, त्याच्या हाताकडे एकदा नीट पाहा. शेरा लिहिण्याआधी त्याच्या आईशी बोला. फोनमध्ये मराठी आणि उर्दू आवाजी टंकलेखन कसं सुरू करायचं ते स्वतः शिका, दहा मिनिटांचं काम आहे. मुख्याध्यापकांनी परीक्षेच्या सवलतीचा अर्ज करताना लेखनिकाबरोबर संगणकाची मागणीही लेखी नोंदवावी. नकार आला तर तोही लेखी घ्यावा. मागितल्याची नोंदच नसेल तर उद्या कोणी म्हणेल, अशी गरजच नव्हती.

माझ्या विद्यार्थ्याने दहावी लेखनिकाच्या मदतीनेच दिली. पास झाला. मराठीत त्याला मिळाले त्यापेक्षा जास्त गुण त्याचे होते, हे मला ठाऊक आहे, पण ते कागदावर कुठेच नाही. आता तो अकरावीत आहे. अंगठ्यातली ताकद कमी झाली आहे, म्हणून त्याच्या अब्बूंनी फोन टेबलाला क्लिपने बसवून दिला आहे. तो उर्दूत कथा लिहितो, मराठीत मला पत्र लिहितो. परवाच्या पत्रात यंत्राने माझं नाव चुकवलं होतं. खाली त्याने बोलून एक ओळ घातली होती, तीही विरामचिन्हाशिवाय: टीचर चूक यंत्राची आहे अक्षर माझं आहे